कॅमेऱ्यापुढचा माणूस आधी माणूस आहे!

दरवर्षी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात बडनेरा जंक्शनचे फलाट पांढऱ्या वस्त्रांतील बायाबापड्यांनी भरून जातात. नागपूर-वर्ध्याकडून मुंबईला निघालेल्या गाड्या इथे येईपर्यंत तुडुंब झालेल्या असतात. तरीही खेड्यापाड्यांतून आलेली आंबेडकरी जनता भाकरी-चटणीचे गाठोडे घेऊन, लेकराबाळांना सांभाळत फलाटावर बसून असते. मजुरी बुडवून चैत्यभूमीला निघालेल्या या माणसांना कोणी आमंत्रण दिलेले नसते आणि कोणी भाडेही दिलेले नसते. बाबासाहेबांपुढे नतमस्तक व्हायचे, येताना एखादे पुस्तक घ्यायचे, एवढाच त्यांचा हेतू असतो.

अलीकडे या गर्दीत कॅमेरे घेऊन फिरणाऱ्यांची संख्या फार वाढली आहे. त्यांत वर्तमानपत्रांचे छायाचित्रकार असतात, शहरातले हौशी असतात, छायाचित्रण शिकणारी मुले असतात. आणि हे मान्य केले पाहिजे की, त्यांत आपलीही मुले असतात. फलाटावर पदर तोंडावर घेऊन झोपलेली म्हातारी, नळावर हातपाय धुणारी बाई, लेकराला पाजणारी आई, तुटलेली चप्पल, पायाला पडलेल्या भेगा, असे सगळे भराभर टिपले जाते. दादरला शिवाजी पार्कवर तर आंघोळ करणाऱ्या बायांवरही कॅमेरे रोखले जातात. दुसऱ्या दिवशी कुठे तरी ते चित्र झळकते आणि लोक वाहवा करतात. पण त्या म्हातारीला, त्या आईला कोणी विचारले होते काय? तिचे नाव, गाव कोणाला ठाऊक आहे काय? तिचा चेहरा कुठे कुठे फिरला, हे तिला कधी कळणार आहे काय?

काही वाचकांना हा प्रश्न किरकोळ वाटेल. रोजगाराचे, आरक्षणाचे, अत्याचाराचे एवढे प्रश्न असताना फोटोची कसली चर्चा, असेही कोणी म्हणेल. परंतु कोणी कोणाचे चित्र काढायचे आणि त्याखाली काय लिहायचे, हा या देशात नेहमीच सत्तेचा प्रश्न राहिला आहे, हे विसरता येणार नाही.

इंग्रजांच्या राजवटीत १८६८ ते १८७५ या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’ या नावाचे आठ खंड निघाले. हिंदुस्थानातल्या जातीजमातींची साडेचारशेहून अधिक छायाचित्रे त्यांत आहेत. राज्य कोणावर करायचे त्याची ती नोंदवही होती. त्याच काळात, १८७१ साली, गुन्हेगार जमातींचा कायदा आला आणि पुढे आपल्या भटक्या-विमुक्त बांधवांच्या कपाळावर जन्मजात गुन्हेगार असा शिक्का बसला. आपल्या वऱ्हाडापुरते बोलायचे, तर १९१६ साली रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांताच्या जातीजमातींवर चार खंडांचा ग्रंथ काढला. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांताला जोडलेला होता. त्या ग्रंथात मेळघाटच्या डोंगरातील कोरकूंचे छायाचित्र आहे. चित्राखाली जमातीचे नाव आहे, माणसांची नावे नाहीत. फुलपाखरू पकडून टाचणीने कागदावर टोचावे आणि खाली त्याची जात लिहावी, तसाच हा प्रकार! ती माणसे कोणाची आई होती, कोणाचा बाप होती, त्यांना काय वाटत होते, हे विचारण्याची गरज कोणाला भासली नाही.

याच्या उलट बाबासाहेबांची छायाचित्रे आठवून पाहा. अंगात कोट, हातात पुस्तक, ताठ मान, समोर रोखलेली नजर. ज्या समाजाने अस्पृश्याला वाकलेलाच पाहिला होता, त्या समाजापुढे बाबासाहेब स्वतः ठरवलेल्या पेहरावात आणि स्वतः ठरवलेल्या रुबाबात उभे राहिले. म्हणूनच कुडाच्या घरातही त्यांचा फोटो पहिल्या मानाने लागतो. आपण कसे दिसावे हे आपण ठरवू, असे सांगणारा तो फोटो आहे. ७ डिसेंबर १९५६ रोजी मुंबईत त्यांची अंत्ययात्रा निघाली, तेव्हा नामदेवराव व्हटकरांनी पदरमोड करून ती चित्रित केली. त्या दिवशीचा कॅमेरा बाहेरून तमाशा बघायला आलेला नव्हता, तो रडणाऱ्यांपैकीच एक होता. असा वारसा असलेल्या समाजाने छायाचित्राच्या नीतीबद्दल बोलायचे नाही, तर कोणी बोलायचे?

आज कॅमेरा साहेबाच्या हातातून सुटून प्रत्येकाच्या खिशात आला आहे. ही चांगलीच गोष्ट झाली. पण कॅमेऱ्याबरोबर साहेबाची नजरही आपल्या हाती आली की काय, हे तपासून पाहिले पाहिजे. बडनेऱ्याहून अमरावती, परतवाडा करत लोक मेळघाटात जातात. चिखलदऱ्याला जाणारा पर्यटक वाटेत गाडी थांबवतो, डोक्यावर मोळी घेतलेल्या कोरकू बाईला हातानेच ‘थांब’ म्हणून खुणावतो, दोन-चार फोटो काढतो आणि गाडी पुढे हाकतो. १९९३ पासून मेळघाटातील कुपोषणाची चर्चा राज्यभर झाली. ती व्हायलाच हवी होती. पण त्या चर्चेसोबत उघड्या, हाडे निघालेल्या लेकरांची किती छायाचित्रे छापली गेली, त्याला गणती नाही. त्यांतली जी लेकरे जगली ती आज तिशीत असतील. आपल्या उघड्या देहाचे चित्र महाराष्ट्राने पाहिले, हे त्यांना कोणी सांगितले असेल काय? शहरातल्या सुखवस्तू घरातले मूल इस्पितळात असते तर त्याचा असा फोटो कोणी छापला असता काय? नसताच छापला! कारण त्या मुलाच्या बापाने दुसऱ्या दिवशी वकिलाची नोटीस पाठवली असती. म्हणजे फोटो काढताना आपण गरज पाहत नाही, समोरच्याची ‘नाही’ म्हणण्याची ताकद पाहतो. खरे दुखणे इथेच आहे.

हे दुखणे आपल्याच देशात आहे असेही नाही. अमेरिकेत १९३६ साली, मंदीच्या काळात, डोरोथिया लँग या सरकारी कामावर असलेल्या छायाचित्रकार बाईने कॅलिफोर्नियात एका शेतमजूर आईचे छायाचित्र काढले. ते जगभर गाजले, त्यावर पुस्तके निघाली. पण त्या आईचे नाव लँगबाईंनी विचारलेच नव्हते. फ्लोरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे तिचे नाव जगाला कळायला १९७८ साल उजाडावे लागले. ती चेरोकी या मूळनिवासी जमातीच्या वंशाची होती. या छायाचित्रातून आपल्याला एक पैसाही मिळाला नाही, ही तिची खंत होती. लँगबाईंचा हेतू वाईट नव्हता. गरिबांना मदत मिळावी म्हणूनच त्या फिरत होत्या. पण चांगला हेतू असला म्हणजे विचारण्याची गरज संपते, हा समज किती खोटा आहे ते यावरून दिसते. दया करणारा विचारत नाही. बरोबरीचा मानणारा विचारतो. आणि आपली चळवळ दयेसाठी नव्हे, बरोबरीसाठी उभी आहे.

यावर छायाचित्रकार मंडळी म्हणतात, “रस्ता सार्वजनिक आहे, तिथे फोटो काढायला कायद्याची मनाई नाही.” असेल! पण कायद्याने मनाई नाही म्हणून एखादी गोष्ट योग्य ठरते काय? सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने निकाल दिला की, खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे. त्याची नाळ माणसाच्या प्रतिष्ठेशी जोडलेली आहे, आणि व्यक्तीची प्रतिष्ठा हा शब्द तर संविधानाच्या उद्देशिकेतच आहे. ज्याच्याजवळ बंगला आहे, त्याचा खासगीपणा भिंतीआड सुरक्षित असतो. ज्याचा संसारच फलाटावर, पालावर किंवा उघड्यावर आहे, त्याने आपला खासगीपणा कुठे ठेवायचा? त्याची भिंत म्हणजे तुमचा-आमचा विवेक. आपण पंचशील घेतो. न दिलेले घेणार नाही, हे त्यातले दुसरे शील. ते फक्त पैशाअडक्यापुरते आहे काय? कोणाचे दुःख, कोणाचे उघडेपण त्याने न देता उचलून नेणे, हेही अदिन्नादानच आहे.

दुसरी सबब सांगितली जाते की, विचारत बसले तर क्षण निघून जातो. काही वेळा जातो, हे खरे आहे. पण काढल्यानंतर विचारता येते, दाखवता येते आणि नको म्हटले तर तिथल्या तिथे पुसून टाकता येते. आमच्याकडची माणसे काही फोटोला भीत नाहीत. “दाखवा ना जी, मले कसा आला तो!” असे म्हणून हसणारीच जास्त. म्हातारी पदर सारखा करून, नातवाला मांडीवर घेऊन ऐटीत बसते. तिला जसे दिसायचे आहे तसे ती दिसते. छायाचित्रकाराला हवी असलेली ‘गरीब बिचारी’ मात्र त्यात सापडत नाही, म्हणूनच अनेकांना विचारणे नको असते!

बोलता येते त्याची ही कथा, मग मुक्या जीवांचे काय? बडनेऱ्याभोवतीचे तलाव, पोहरा-मालखेडचे जंगल, पलीकडे मेळघाट, इथे सुट्टीच्या दिवशी मोठमोठ्या भिंगांचे कॅमेरे घेऊन तरुण फिरताना दिसतात. निसर्गाची आवड लागणे चांगलेच. परंतु टिटवीचेच पाहा. ती उघड्या जमिनीवर अंडी घालते. वऱ्हाडातल्या उन्हात ती त्यांच्यावर सावली धरते, पोटाची पिसे भिजवून आणून त्यांना गारवा देते. कॅमेरावाला जवळ येऊन बसला की ती उठते आणि ओरडत घिरट्या घालते. तेवढ्यात अंडी उन्हाने शिजतात, नाहीतर कावळ्याला ठावठिकाणा लागतो. काही महाभाग तर घरटे नीट दिसावे म्हणून आडव्या फांद्याही छाटतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीची जी व्याख्या केली आहे, तिच्यात पक्ष्यांची अंडी वा घरटी विचलित करणेही येते, हे यांपैकी कितीजणांना माहीत आहे? रानपिंगळा हे छोटे घुबड नामशेष झाले असे समजले जात होते. ११३ वर्षांनी, १९९७ मध्ये, ते शहाद्याजवळ पुन्हा दिसले, आणि मेळघाटातही त्याचा वास आहे. अशा पक्ष्याला बाहेर काढायला मोबाईलवर त्याच्या आवाजाची ध्वनिफीत वाजवली जाते. आपल्या हद्दीत दुसरा आला असे समजून ते बिचारे खाणेपिणे आणि पिल्ले सोडून भांडायला येते. एका फोटोसाठी ही फसवणूक!

विदर्भातले ताजे उदाहरण तर सर्वांना आठवत असेल. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात ‘एफ-२’ वाघीण आणि तिच्या पाच बछड्यांचा रस्ता पर्यटकांच्या जिप्सींनी दोन्ही बाजूंनी अडवला. कॅमेरे आणि मोबाईल उंचावले गेले. चित्रफीत पसरल्यावर ओरड झाली, चालक आणि गाईड निलंबित झाले, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. कारवाई योग्यच होती. पण लक्षात घ्या, पहिला बडगा पडला तो जिप्सी चालवून पोट भरणाऱ्या आसपासच्या गावच्या पोरांवर. “आणखी जवळ घे” म्हणून मागून तगादा लावणाऱ्या, वर बक्षिसी दाखवणाऱ्या हौशी मंडळींचे काय? बछड्यांसह अडकलेली वाघीण असो की मोळी घेऊन थांबवलेली कोरकू बाई असो, दोघींच्या बाबतीत घडते ते एकच. समोरच्याला निघून जायला वाट ठेवायची नाही आणि मिळालेल्या चित्राची बढाई मारायची.

मग प्रत्येक वेळी परवानगीच मागायची काय? नाही! इथे गल्लत होऊ देता कामा नये. मोर्चावर लाठी उगारणारा पोलीस, वस्तीवर बुलडोझर घेऊन येणारा अधिकारी, पाणवठ्यावर अडवणारा गावगुंड, यांना विचारून फोटो काढायचा नसतो. तिथे कॅमेरा हा पुरावा असतो. जो दुबळा आहे त्याला विचारा, जो सत्तेच्या मस्तीत अन्याय करतो त्याचा फोटो निर्भयपणे काढा. प्रस्थापितांनी नेमके उलटे केले आहे. बलदंडांचा फोटो त्यांच्या सोयीने आणि गरिबाचा फोटो त्याला न विचारता!

सर्वात कठीण प्रश्न आहे अत्याचाराच्या छायाचित्रांचा. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. प्रारंभी पोलिसांनी आणि बहुतेक वर्तमानपत्रांनी त्याकडे काणाडोळा केला. तेव्हा कार्यकर्त्यांनी मृतदेहांची छायाचित्रे हातोहात फिरवली, म्हणून सत्य लोकांपर्यंत गेले. अमरावती, नागपूरसह महाराष्ट्रभर लोक रस्त्यावर उतरले. त्या वेळी दुसरा मार्ग ठेवलाच नव्हता, हे नाकारता येणार नाही. परंतु तीच छायाचित्रे आज इतक्या वर्षांनीही मोबाईलवर ‘पुढे पाठवा’ म्हणून फिरत राहावीत काय? एका मायलेकीच्या विटंबनेचे चित्र लोकांनी चहा पिता पिता बघावे, यातून कोणता न्याय मिळतो?

अमेरिकेत १९५५ साली मिसिसिपी राज्यात एमेट टिल या चौदा वर्षांच्या काळ्या मुलाला गोऱ्यांनी हाल करून मारले. त्याच्या आईने, मॅमी टिल यांनी, शवपेटी उघडी ठेवण्याचा निर्णय घेतला. माझ्या मुलाचे काय केले ते जगाने पाहावे, अशी तिची भूमिका होती. ‘जेट’ या काळ्या समाजाच्या साप्ताहिकाने ते छायाचित्र छापले आणि अमेरिकेतील नागरी हक्कांच्या लढ्याला धार आली. पण तो निर्णय आईचा होता. हाच फरक महत्त्वाचा आहे. उलट, जुलै २०१६ मध्ये गुजरातेत उनाला मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या दलित तरुणांना मारहाण झाली, तेव्हा ती चित्रफीत खुद्द मारणाऱ्यांनीच दहशत बसवण्यासाठी पसरवली होती. अशी चित्रफीत आपण विचार न करता पुढे ढकलतो, तेव्हा कळत नकळत मारणाऱ्याचेच काम करत असतो.

म्हणून कार्यकर्त्यांनी काही गोष्टी पक्क्या लक्षात ठेवाव्यात. घटनास्थळी फोटो जरूर काढावेत. परंतु मूळ फाईल तशीच जपून ठेवावी, तीत काटछाट करू नये, आणि ती तपास अधिकारी व वकील यांच्याकडे द्यावी. एकाकडून दुसऱ्याकडे पाठवताना फाईल दाबली जाते, तारीख-वेळेची नोंद हरवते आणि पुराव्याचे बळ घटते. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पीडितेची ओळख उघड करणे गुन्हा आहे. सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर २०१८ च्या निकालात सांगितले आहे की, पीडिता मरण पावली असली तरी नातेवाइकांच्या संमतीनेसुद्धा तिचे नाव परस्पर उघड करता येणार नाही, त्यासाठी सत्र न्यायाधीशांची परवानगी लागेल. पीडित बालकांबाबत तर कायदा आणखी कडक आहे. आंदोलनाच्या फलकावर ‘बहिणीला न्याय द्या’ म्हणून तिचाच फोटो छापणाऱ्यांनी याचा विचार करावा.

आणि आपल्या पुढाऱ्यांनाही दोन शब्द सांगणे भाग आहे. अत्याचारग्रस्त कुटुंबाच्या भेटीला जाताना सोबत फोटोग्राफर कशाला लागतो? घरात माणूस गेलेला, चूल पेटलेली नाही, आणि आलेला नेता मदतीचे पाकीट हातात देताना कॅमेऱ्याकडे पाहतो. फोटो नीट आला नाही म्हणून पाकीट दुसऱ्यांदा द्यायला लावतो! आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याच्या विधवेला नवऱ्याची तसबीर हातात धरून दारात उभे करणाऱ्यांत आणि यांच्यात काय फरक राहिला? मनुवाद्यांना नावे ठेवताना आपलेही अंगण झाडले पाहिजे.

चांगली उदाहरणे आपल्यातच आहेत. सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांमध्ये वावरून त्यांचे जगणे छायाचित्रांतून जगापुढे मांडले. गटारात उतरणारा माणूस त्यांच्या चित्रांत घाणीचा भाग म्हणून दिसत नाही, माणूस म्हणून दिसतो. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. फोटो काढण्याआधी माणसांत मिसळावे लागते, हा धडा त्यांच्या कामातून घेण्यासारखा आहे.

बडनेरा-अमरावतीच्या तरुणांनी हा धडा गिरवायला काय हरकत आहे? यंदा ५ डिसेंबरला फलाटावर जाणाऱ्यांनी मनाशी ठरवावे. आधी जयभीम घालायचा, मग नाव-गाव विचारायचे, मग कॅमेरा काढायचा. झोपलेल्याचा, आंघोळ करणाऱ्याचा, लेकराला पाजणाऱ्या आईचा फोटो काढायचा नाही. आईबापाला विचारल्याशिवाय मुलाचा काढायचा नाही. ‘नको’ म्हटले की नको. फोटो छापलाच तर खाली त्यांनी सांगितलेले नाव लिहायचे, ‘एक वृद्ध अनुयायी’ असे लिहायचे नाही. आणि शक्य असेल तिथे त्याची छापील प्रत घरपोच द्यायची. पंधरा-वीस रुपयांची ती प्रत एखाद्या घरात आयुष्यभर भिंतीवर राहते. बुद्धविहारांतून मुलांना मोबाईल वापरायला आपण शिकवतोच, त्याच बैठकीत हेही शिकवावे. आणि टिपायचेच असेल तर चैत्यभूमीवर पुस्तकांच्या दुकानापुढची रांग टिपा, अक्षर अक्षर लावून वाचणारी आजी टिपा. उकिरड्याचे फोटो काढणारे पुष्कळ आहेत.

एकेकाळी आपल्या माणसांची चित्रे जातीच्या नावाने छापली गेली. आता कॅमेरा आपल्या हातात आहे. तो हातात असताना समोरच्या दुबळ्याशी आपण कसे वागतो, यावरून आपण बाबासाहेबांचे अनुयायी आहोत की नुसते कॅमेऱ्याचे मालक, हे ठरणार आहे.

जयभीम!